‘गुन्हा मी केला’ असं तिसराच म्हणाला, तर कोर्ट ते ऐकेल का?

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या फर्स्ट क्लास डब्यांत सात स्फोट झाले होते आणि १८० हून अधिक माणसं गेली होती. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. उच्च न्यायालयाने म्हटलं, सरकारी पक्षाला गुन्हा सिद्धच करता आलेला नाही. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही.

मग स्फोट केले कोणी, हे त्या आठवड्यात ज्याने त्याने विचारलं. पण याच खटल्यात बारा-तेरा वर्षांपूर्वी एक वाद झाला होता, त्याची आठवण फार थोड्यांना आली.

२००८ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने एका वेगळ्या प्रकरणात इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेचे म्हणून काही जण पकडले. पोलीस उपायुक्तांनी मकोकाखाली (संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली) त्यांचे कबुलीजबाब नोंदवले, आणि त्यांत ११ जुलैचे लोकलमधले स्फोटही आपल्याच माणसांनी केल्याचं आलं. इकडे त्याच स्फोटांसाठी दुसरेच लोक कोर्टात उभे होते. त्यांच्या वकिलांनी मागणी केली की ते जबाब घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना आमचे साक्षीदार म्हणून बोलवा, त्यांनी काय ऐकलं ते कोर्टाला सांगू द्या. विशेष न्यायालय नाही म्हणालं. उच्च न्यायालय हो म्हणालं. १४ मार्च २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा नाही म्हटलं. कारणं अनेक होती, पण सामान्य वाचकाला चक्रावणारं एक: हा ‘ऐकीव पुरावा’ आहे.

‘मी नाही केलं, त्याने केलं, आणि तो स्वतः तसं म्हणालाय.’ याहून सरळ बचाव कोणाला सुचेल? मग कायदा इथे का अडतो, आणि त्याने अडावं का?

ऐकीव म्हणजे काय

समजा, गावात विहिरीवरची इलेक्ट्रिक मोटार चोरीला गेली. पोलिसांनी भिवाला धरलं. खटल्यात गणपत साक्षीला आला आणि म्हणाला, ‘पाराजवळ सखाराम मला म्हणाला होता, मोटार मीच उचलली.’

गणपत कदाचित शंभर टक्के खरं बोलत असेल. सखारामचे शब्द त्याने आपल्या कानांनी ऐकले असतील. पण कोर्टाला हवंय ते हे, की मोटार सखारामने नेली का. त्याबद्दल गणपतला काहीच माहीत नाही. माहीत आहे ते सखारामला, आणि सखाराम पिंजऱ्यात नाही. तो तेव्हा प्यायला होता का, चारचौघांत बढाई मारत होता का, भिवा त्याचा मेहुणा असल्याने त्याला वाचवू बघत होता का, हे गणपतला कितीही खोदून विचारलं तरी कळणार नाही. बोलला तेव्हा सखाराम शपथेवर नव्हता, त्याची उलटतपासणी झाली नाही, आणि बोलताना तो कसा दिसत होता हे न्यायाधीशांनी पाहिलं नाही. गैरहजर माणसाचं म्हणणं, ते खरं आहे हे दाखवण्यासाठी, दुसऱ्याच्या तोंडून आणणं म्हणजे ऐकीव पुरावा. तोंडी साक्ष ज्याने पाहिलं वा ऐकलं त्याचीच हवी, असा आपल्याकडचा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे.

नियम शहाणपणाचा आहे. तो नसता तर कोर्टं अफवांवर चालली असती. पण त्याला अपवाद आहेत आणि आपला सगळा विषय त्या अपवादांच्या कडेवर उभा आहे.

सर्वांना ठाऊक असलेला अपवाद मृत्यूपूर्व जबाबाचा. भाजलेली बाई मरण्याआधी कोणाचं नाव घेते, ते शब्द डॉक्टर किंवा दंडाधिकारी कोर्टात आणतात. बोलणारी गेलेली असते, उलटतपासणी अशक्य असते, तरी तेवढ्यावर माणसाला जन्मठेप होऊ शकते. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी तर असंही ठरवलं की जबाब देणारी व्यक्ती शुद्धीवर होती असा डॉक्टरांचा दाखला नसला, तरी तेवढ्यामुळे तो जबाब बाद होत नाही. थोडक्यात, ऐकीव पुराव्यावर माणसाला शिक्षा देताना आपला कायदा फार लाजत नाही. त्याच प्रकारच्या पुराव्यावर माणूस सुटायची वेळ आली की तो दचकतो, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पैशाचं नुकसान खरं, फासाचं खोटं

दुसरा जुना अपवाद स्वतःला तोट्यात घालणाऱ्या विधानाचा. ‘माझ्याकडे त्याचे पाचशे रुपये देणं आहे’ असं कोणी उगाच म्हणत नाही, म्हणून बोलणारा पुढे वारला तर त्याचं ते म्हणणं ऐकावं, अशी इंग्लंडच्या न्यायालयांची जुनी समजूत. मग ‘खून मी केला’ हे त्याहून मोठ्या तोट्याचं नाही का?

१८४४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, उत्तर दिलं: नाही. प्रकरण खुनाचं नव्हतंच, लग्नाचं होतं. राजा तिसऱ्या जॉर्जचा मुलगा, ससेक्सचा ड्यूक, याने १७९३ मध्ये रोममध्ये गुपचूप लग्न केलं होतं. राजघराण्याच्या विवाहाच्या कायद्यानुसार असं लग्न लावणारा पाद्रीही गुन्हेगार ठरत असे. पुढे ड्यूक वारला आणि त्याच्या मुलाने सरदारकीवर हक्क सांगितला, तेव्हा प्रश्न आला की हे लग्न मी लावलं होतं असं तो पाद्री आपल्या मुलाला म्हणाला होता, ते ऐकायचं का. पाद्री तोवर मेलेला. लॉर्ड्सनी ठरवलं की तोटा पैशाचा किंवा मालमत्तेचा असेल तरच अपवाद. खटला होण्याची भीती त्यात बसत नाही.

म्हणजे पाचशे रुपये बुडतील म्हणून माणूस खरं बोलतो, पण फाशी जाईन म्हणून खरं बोलत नाही! एका सरदारकीच्या वादातून निघालेलं हे तर्कट पुढे शंभर-सव्वाशे वर्षं खुनाच्या खटल्यांत आरोपींच्या मुळावर आलं.

१९१३ च्या डॉनली खटल्याचंच बघा. उत्तर कॅलिफोर्नियात क्लामथ नदीकाठी एका आदिवासी माणसाचा खून झाला. डॉनलीला दोषी धरलं. पण जो डिक नावाचा दुसरा एक माणूस मरण्यापूर्वी म्हणाला होता की खून मी केला. वाळूतल्या पावलांचा माग जो डिक राहत होता त्या तळाकडे जात होता. वाटेत एका ठिकाणी कोणी तरी बसल्याची खूण होती, आणि जो डिकला क्षय होता. चालताना त्याला दम लागत असे. इतकं सगळं जुळत असताना अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बहुमताने ती कबुली बाहेरच ठेवली. न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी मत लिहिलं, त्यांना दोघांची साथ मिळाली. त्यांचं म्हणणं असं, की कोर्टाच्या बाहेर कोणालाही हे सांगितलं तर त्याला वाटेल की डॉनलीने खून केला नसावा, आणि खुनाच्या कबुलीइतकं स्वतःच्या अंगाशी येणारं दुसरं विधान नसतं.

मिसिसिपीतली एक शनिवार संध्याकाळ

नियम यंत्रासारखा चालवला की काय होतं, हे बघायला लिऑन चेंबर्सच्या खटल्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मिसिसिपी राज्यातलं वुडव्हिल हे छोटं गाव, १४ जून १९६९, शनिवार. दोन पोलीस वॉरंट घेऊन एका तरुणाला पकडायला बारमध्ये शिरले. पन्नास-साठ माणसं जमली, बाचाबाची झाली, गोळ्या सुटल्या. लिबर्टी नावाच्या पोलिसाच्या पाठीत चार गोळ्या शिरल्या. कोसळण्याआधी त्याने वळून आपली बंदूक झाडली. पहिला बार वर गेला. दुसरा गल्लीतून पळणाऱ्या चेंबर्सच्या डोक्याला आणि मानेला मागून लागला. लिबर्टी मेला, चेंबर्स वाचला, आणि खुनाचा आरोपी झाला. त्याला गोळी झाडताना पाहिलं असं एका पोलिसाने सांगितलं. हत्यार कधीच सापडलं नाही. त्या जातीचं पिस्तूल चेंबर्सकडे कधी होतं, असंही कोणी दाखवू शकलं नाही.

त्या जमावात मॅकडोनाल्ड नावाचा एक माणूस होता. घटनेनंतर तो बायकोला गावातच ठेवून शेजारच्या लुइझियाना राज्यात साखर कारखान्यात कामाला गेला. नोव्हेंबरमध्ये परतला, चेंबर्सच्या वकिलांकडे गेला आणि शपथेवर लिहून दिलं की लिबर्टीला मी मारलं, माझ्याच पिस्तुलाने. त्याला अटक झाली. महिन्याभरात त्याने शब्द फिरवला: एका ओळखीच्या धर्मोपदेशकाने मला भरीला घातलं, तुरुंगात जावं लागणार नाही आणि चेंबर्स गावाविरुद्ध जो दावा लावेल त्यातल्या पैशात वाटा मिळेल, असं तो म्हणाला होता. मॅकडोनाल्ड सुटला. त्याच्याबद्दल पुढे तपासच झाला नाही.

चेंबर्सच्या वकिलांनी खटल्यात मॅकडोनाल्डला स्वतःच बोलावलं आणि त्याची लेखी कबुली ज्युरीला वाचून दाखवली. लगेच सरकारी वकिलांनी त्याच्याकडून वदवून घेतलं की ती कबुली खोटी होती आणि गोळीबाराच्या वेळी मी मित्रासोबत बिअर पीत होतो. आता चेंबर्सच्या वकिलांना त्याची उलटतपासणी करायची होती. परवानगी नाही. मिसिसिपीचा जुना नियम: साक्षीदार तुम्ही बोलावला, म्हणजे त्याच्या खरेपणाची हमी तुमचीच, त्याला खोटं पाडता येणार नाही. तो विरोधी साक्षीदार तरी धरा म्हणावं, तर उत्तर आलं की त्याने चेंबर्सकडे बोट दाखवलेलंच नाही, मग विरोधी कसा?

मग वकिलांनी मॅकडोनाल्डचे तीन परिचित आणले. घटनेच्या रात्री आणि पुढच्या काही दिवसांत, वेगवेगळ्या ठिकाणी, तो त्या तिघांना म्हणाला होता की पोलिसाला मी मारलं. यातला एक तोच, ज्याच्यासोबत आपण बिअर पीत होतो असं मॅकडोनाल्ड सांगत होता. तो म्हणाला, मी त्या दिवशी तिथे नव्हतोच. एवढं ज्युरीच्या कानावर गेलं. मात्र मॅकडोनाल्ड त्याच्याजवळ काय बोलला हे सांगायची वेळ आली तेव्हा ते ऐकीव म्हणून थांबवलं गेलं. उरलेल्या दोघांचंही तेच झालं. चेंबर्सला जन्मठेप.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी ही शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती पॉवेल यांनी मांडलेला मुद्दा सोपा होता. मॅकडोनाल्ड आपणहून, जवळच्या माणसांजवळ, घटनेनंतर लगेच बोलला. बोलण्यात त्याचा फायदा नव्हता, होता तो धोकाच. आणि त्याला पुष्टी देणारं बाकी बरंच होतं. मॅकडोनाल्डला गोळी झाडताना पाहिल्याचं सांगणारा एक साक्षीदार होता, आणि गोळीबारानंतर त्याच्या हातात पिस्तूल पाहिलं असं सांगणारा खुद्द लिबर्टीचा चुलतभाऊ होता. न्यायाचाच गळा घोटला जाईल इतक्या यांत्रिकपणे ऐकीव पुराव्याचा नियम लावता येणार नाही, असं कोर्टाने बजावलं.

या निकालातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा सहज निसटतो. बोलणारा हजर नसतो, त्याला प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून ऐकीव पुरावा नको. इथे मॅकडोनाल्ड पिंजऱ्यात बसला होता! त्याला प्रश्न विचारू देत नव्हतं ते कोर्टच.

‘असे मित्र तर कोणीही उभे करेल’

हा पहिला आक्षेप, आणि वकील मंडळींचा आवडता. दोन मित्रांना शिकवून कोर्टात आणा, मयत सखारामचं नाव घ्यायला लावा, काम झालं.

पण जरा थांबा. खोटं इथे कोण बोलतंय? गणपत. आणि गणपत तर पिंजऱ्यात आहे, शपथेवर आहे, सरकारी वकील त्याला हवं तितकं पिळू शकतात. सखाराम तुला हे कधी म्हणाला, आणखी कोण होतं, तू पोलिसांकडे तेव्हाच का गेला नाहीस, भिवा तुझा कोण लागतो? खोटा साक्षीदार ओळखण्याचं काम कोर्ट रोज करतं. ‘तो माझ्यासोबत पंढरपूरला होता’ असं खोटं सांगणारा मित्रही कोर्टात येतोच. म्हणून आरोपीला साक्षीदार आणायलाच बंदी घालत नाहीत. ऐकीव पुराव्याचा नियम गैरहजर बोलणाऱ्याची काळजी घेण्यासाठी आहे, हजर साक्षीदाराच्या खोटेपणाची नव्हे.

‘आणि दुसऱ्याने पैसे घेऊन गुन्हा अंगावर घेतला तर?’

हा आक्षेप जास्त भारी आहे. धाकटा भाऊ थोरल्यासाठी, नोकर मालकासाठी, टोळीतला पोऱ्या म्होरक्यासाठी गुन्हा अंगावर घेतो, हे काही फक्त सिनेमात होत नाही. आधीच जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याला आणखी एक खून कबूल करायला काय लागतं?

म्हणूनच कबुलीचा तोटा खरोखरचा होता का, हे तपासायचं. कैद्याच्या कबुलीत त्याचा तोटा नसेल तर ती या अपवादात बसतच नाही. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात १९७५ मध्ये गुन्ह्याच्या कबुलीचा अपवाद आला तोच या अटीसह, की कबुली खरी असल्याचं दाखवणारी बाहेरची परिस्थितीही हवी. १९९४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने आणखी कातरी लावली: ‘मी केलं, पण मुख्य हात त्याचा’ अशा लांबलचक निवेदनातलं जेवढं खरंच बोलणाऱ्याच्या अंगाशी येतं, तेवढंच घ्यायचं, बाकी दुसऱ्यावर ढकलणं सोडून द्यायचं.

शिवाय खोटी कबुली कोर्टाला पचते, असं मानायचं कारण नाही. मुंबईने हे पाहिलंय. २००२ मध्ये वांद्र्यात झालेल्या अपघाताच्या खटल्यात, २०१५ मध्ये, सलमान खानच्या कुटुंबाचा ड्रायव्हर बचावाचा साक्षीदार म्हणून आला आणि गाडी मी चालवत होतो म्हणाला. तो स्वतःच पिंजऱ्यात होता, त्यामुळे ऐकीव पुराव्याचा प्रश्न नव्हता. सत्र न्यायाधीशांनी त्याचं म्हणणं ऐकलं, तोललं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. खानला पाच वर्षांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरमध्ये सरकारी पुरावा अपुरा म्हणून ती रद्द केली. निकाल कोणाला पटो न पटो, न्यायाधीशाला दुसऱ्याची कबुली ऐकवली म्हणून त्याची बुद्धी गहाण पडत नाही, एवढं त्यातून दिसतं.

ज्युरीची गोष्ट वेगळी, असं इथे कोणी म्हणेल. बारा सामान्य माणसं अशा कबुलीने भुलतील, ही इंग्लंड-अमेरिकेतली जुनी धास्ती. आपल्याकडे फौजदारी खटल्यात ज्युरीच नाही. नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला कौल गाजला, पुढे ज्युरी हळूहळू गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. आपला न्यायाधीश कारणं लिहून निकाल देतो, आणि ती कारणं वरचं कोर्ट तपासतं. ज्या भीतीपोटी दार लावलं होतं ती भीती गेली. दार मात्र तसंच आहे.

आपला कायदा: १८७२ मध्ये पुढे, आज अडकलेला

इथे एक सुखद धक्का आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी भारतासाठी पुरावा कायदा लिहिला, तेव्हा १८४४ चं ते इंग्रजी तर्कट त्यांनी घेतलंच नाही. कलम ३२ मध्ये त्यांनी स्वच्छ लिहिलं की विधान खरं असेल तर बोलणाऱ्यावर फौजदारी खटला होऊ शकला असता, असं विधानही चालेल. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला जे सुचायला १९७५ उजाडलं, ते आपल्या पुस्तकात १८७२ पासून आहे. जो डिकची कबुली ठाण्याच्या किंवा साताऱ्याच्या कोर्टात आली असती, तर दार उघडं होतं.

पण हे दार चारच प्रसंगी उघडतं: बोलणारा मेला असेल, सापडत नसेल, साक्ष देण्याच्या अवस्थेत नसेल, किंवा त्याला आणायला अवाजवी वेळ वा खर्च लागणार असेल. सखाराम जिवंत असेल आणि गावातच हिंडत असेल, तर कायदा म्हणतो, गणपतला कशाला विचारता, त्यालाच आणा.

ऐकायला रास्त वाटतं. आता चेंबर्सचा खटला आपल्याकडे आणून बघा. मॅकडोनाल्ड जिवंत आहे, हजर आहे, आणि ‘मी काहीच केलं नाही’ म्हणतोय. मिसिसिपीपेक्षा आपली स्थिती थोडी बरी: कोर्टाच्या परवानगीने आपण बोलावलेल्या साक्षीदारालाही फितूर म्हणून उलटे प्रश्न विचारता येतात, त्याचं आधीचं बोलणं त्याच्यासमोर ठेवता येतं. पण त्या जुन्या बोलण्याचा उपयोग एवढाच, की हा माणूस विश्वासाचा नाही असं दाखवता येतं. मित्रांजवळ केलेली कबुली ‘खून त्याने केला’ याचा पुरावा म्हणून उभी राहत नाही. म्हणजे मॅकडोनाल्ड मेला असता तर त्याची कबुली आरोपीच्या कामी आली असती. जिवंत राहून नाही म्हणाला, म्हणून येत नाही. खऱ्या गुन्हेगाराने मरण्याची वाट बघावी, असा सल्ला वकिलाने अशिलाला द्यायचा का?

२०१३ चा निकाल: बरोबर, आणि तरी अपुरा

आता लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या त्या वादाकडे पाहता येईल. मकोकाच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुराव्यात येते, एरवी पोलिसांपुढची येत नाही. पण ती चालते कबुली देणाऱ्याविरुद्ध आणि त्याच खटल्यात त्याच्यासोबत उभ्या असलेल्यांविरुद्ध. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ही कबुली वेगळ्या खटल्यातली, ती तिथेच चालेल. इथे पोलीस अधिकाऱ्याने ती सांगणं हे ऐकीव. कलम ३२ लागू नाही, कारण कबुली देणारे जिवंत आहेत, हाताशी आहेत.

कायद्याच्या शब्दाला धरून हे बरोबर आहे, आणि त्या न्यायाधीशांना दोष द्यायचं मला कारण दिसत नाही. पण व्यवहारात याचा अर्थ काय? जो माणूस स्वतः दुसऱ्या खटल्यात आरोपी आहे, त्याने या कोर्टात येऊन ‘होय, सात स्फोट आम्हीच केले’ म्हणावं, ही अपेक्षा. असं म्हणणारा माणूस मी तरी कल्पू शकत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हे जबाब पोलिसांनीच नोंदवलेले होते, मित्रांजवळच्या आपखुशीच्या गप्पा नव्हत्या. कोठडीतल्या कबुलीवर आपण एरवी संशय घेतो तो रास्तच. लोकल खटल्यातल्या आरोपींचे स्वतःचे कबुलीजबाबही उच्च न्यायालयाला विश्वासाचे वाटले नाहीत. तेव्हा ही दुसरी कबुली ऐकली असती तर आरोपी सुटलेच असते, असं मुळीच नाही. ती कदाचित तितकीच पोकळ निघाली असती. माझा आग्रह ती ऐकून पोकळ ठरवण्याचा आहे.

आणि एक गोष्ट खुपते. हीच कबुली एका कोर्टात सरकारचा पुरावा, आणि शेजारच्या कोर्टात सरकारच्याच आक्षेपाने ऐकीव. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात असंच काहीसं घडलं होतं. एका खुनात मूर आणि ग्रीन यांचे खटले वेगवेगळे चालले. गोळ्या मी घातल्या असं मूर एकाला म्हणाला होता. त्या साक्षीदाराला उभं करून सरकारने मूरला फाशीची शिक्षा मिळवली. मग ग्रीनला फाशी द्यायची की नाही हे ठरवताना त्याने तोच साक्षीदार मागितला, तर तो ऐकीव म्हणून नाकारला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रीनची फाशी रद्द केली. सरकारला स्वतःला जो पुरावा विश्वासाचा वाटला, तो दुसऱ्याच्या जिवाच्या वेळी बेभरवशाचा कसा, असा त्यामागचा रोख होता. आपलं प्रकरण हुबेहूब तसं नाही, पण सरकारला विचारायचा प्रश्न तोच आहे.

‘मग आरोपीविरुद्धही अशी कबुली घ्यायची का?’

न्याय दोन्हीकडे सारखा हवा, हा शेवटचा आक्षेप. वरवर तो निरुत्तर करणारा वाटतो.

पण खटल्यात दोन्ही बाजूंचं ओझंच सारखं नसतं. सरकारला गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचा असतो. आरोपीला फक्त ती शंका उभी करायची असते. काम वेगळं, म्हणून लागणारी सामग्रीही वेगळी. गंमत म्हणजे कायद्यांनी बऱ्याचदा उलटच केलं. अमेरिकेच्या १९७५ च्या नियमात पुष्टीची अट होती ती आरोपीने दुसऱ्याची कबुली आणली तरच. सरकारने आणली तर नव्हती. ही विषमता २०१० मध्ये काढली. आपल्याकडे सहआरोपीची कबुली, ज्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, ती एकत्र खटल्यात दुसऱ्या आरोपीविरुद्ध ‘विचारात’ घेता येते. सुप्रीम कोर्टाने १९५२ च्या कश्मीरा सिंग खटल्यापासून तिला वेसण घातली आहे: आधी बाकीचा पुरावा बघा, तो पुरेसा वाटला तरच मनाच्या खात्रीसाठी ही कबुली जोडा. वेसण चांगली, पण कबुली आत येते हे खरं. दुसऱ्याच्या कबुलीने आरोपीवर बोट ठेवलं तर ती निदान दारातून आत घेतात. आरोपीवरचं बोट काढलं तर दारातच थांबवतात.

इंग्लंडने २००३ च्या कायद्यात न्यायाधीशाला सरळ अधिकार दिला की न्यायासाठी गरज वाटली तर ऐकीव पुरावा आत घ्या, आणि कोणत्या गोष्टी तपासायच्या याची यादीही दिली. आपल्याकडे इतकं लांब जायची गरज नाही. कलम ३२ च्या चार प्रसंगांत पाचवा घालावा: कबुली देणारा कोर्टात आला आणि नाही म्हणाला, किंवा बोलायलाच तयार नाही. अट एवढीच, की कबुली आरोपीच्या बचावासाठी आणलेली असावी आणि तिला बाहेरून काहीतरी दुजोरा असावा. पावलांचा माग असो, पिस्तूल पाहणारा चुलतभाऊ असो.

२०२३ मध्ये संसदेने पुरावा कायदा नव्याने मंजूर केला तेव्हा ही संधी होती. कलम ३२ चं कलम २६ झालं. चार प्रसंग चारच राहिले.